ऋणको नावाचा क्लास: कागदावरून स्क्रीनवर

"मावशी, मला नशिबाकडून उसनं घेणारा माणूस खेळायचाय."

डी अँड डी, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स, हा पात्रं घेऊन फाशांवर खेळायचा खेळ. आमच्या नव्या कॅम्पेनला (सलग चालणाऱ्या कथेला) आठ दिवस राहिले असताना भाच्याने हे सांगितलं आणि मी लगेच फाउंड्री (हा खेळ स्क्रीनवर खेळायचं सॉफ्टवेअर) उघडून नवा क्लास, म्हणजे पात्राचा नवा प्रकार, करायला बसले. नाव टाकलं, हिट डाय (पात्र किती टणक हे ठरवणारा आणि विश्रांतीत जखमा भरायला खर्चायचा फासा) निवडला, छानसं चित्र शोधलं. दोन तास गेले, आणि पहिल्या लेव्हलला हा माणूस आपल्या पाळीत नेमकं काय करतो, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतंच. टूल चौकटी दाखवतं, त्या भरायची घाई होते, आणि भरलेल्या चौकटी पाहून क्लास तयार झाल्यासारखं वाटतं.

नंतर आम्ही दोघांनी तो कागदावर नीट मांडला, टेबलावर तीन वेळा मोडला आणि पुन्हा जोडला. क्लासचं नाव ठरलं ऋणको. तुम्हाला स्वतःचा क्लास डिजिटल टेबलावर आणायचा असेल, तर हेच उदाहरण धरून मी सगळी वाट दाखवते. नियम डी अँड डीच्या पाचव्या आवृत्तीचे आहेत (२०१४ चे मूळ आणि २०२४ चे सुधारित असे दोन संच), कारण आम्ही तेच खेळतो.

आधी वीस ओळींचा कागद

एका पानावर १ ते २० लेव्हलच्या ओळी आखा. तुमच्या मनातलं काहीही लिहिण्याआधी नियमांनी जे ठरवून दिलंय ते भरून टाका. प्रोफिशियन्सी बोनस (पात्राला जे नीट जमतं त्या टाकीत मिळणारी भर) पहिल्या लेव्हलला +२ असतो आणि ५, ९, १३, १७ या लेव्हलांना एकेकाने वाढत +६ पर्यंत जातो. ॲबिलिटी स्कोअर (ताकद, चपळाई अशा सहा मूळ गुणांचे आकडे) वाढवण्याची संधी ४, ८, १२, १६ ला असते आणि २०१४ च्या नियमांत १९ लाही. २०२४ च्या नियमांत १९ ला एपिक बून (एक मोठं वरदान) मिळतं. सबक्लास (क्लासमधली खास शाखा) ३ ला ठेवा. २०२४ पासून सगळेच क्लास तिथे आहेत आणि २०१४ च्या टेबलावरही ते चालून जातं.

आता पाचव्या ओळीभोवती गोल करा. या लेव्हलला सगळा खेळ उडी मारतो. फायटर आणि त्याच्यासारख्यांना दुसरा हल्ला मिळतो, विझार्ड आणि क्लेरिकला तिसऱ्या पातळीचे स्पेल (मंत्र) मिळतात. तुमच्या क्लासला पाचव्या लेव्हलला तेवढंच वजनदार काही मिळालं नाही, तर तो खेळाडू सहाव्या लेव्हलपासून मागे पडलेला दिसेल आणि कारण कोणालाच कळणार नाही. ऋणकोला आम्ही सरळ दुसरा हल्ला दिला.

बरोबर किती द्यायचं हे ठरवायला साधी सरासरी पुरते. पाचव्या लेव्हलचा रोग (Rogue, चोरट्या लढतीचा क्लास) शॉर्टसोर्डने मारतो तेव्हा १डी६ चे (सहा बाजूंच्या एका फाशाचे) साडेतीन, स्नीक अटॅकच्या (चोरट्या वाराच्या) ३डी६ चे साडेदहा आणि डेक्सचे (चपळाईचे) ४ धरून १८ होतात. ऋणको डी८ चं शस्त्र घेऊन दोनदा मारतो तेव्हा साडेचार अधिक ४, गुणिले २, म्हणजे १७. दोन्ही आकडे सगळे वार लागले असं धरून आहेत, पण तुलनेला ठीक आहेत. १७ आणि १८ शेजारी बसले की मी पुढे जाते. इथे २६ आलं असतं, तर कुठलंही सुंदर वर्णन त्या क्लासला वाचवू शकलं नसतं.

हिट डाय आम्ही डी८ घेतला, कारण हा माणूस फायटरइतका टणक नाही आणि विझार्डइतका नाजूकही नाही. सेव्हिंग थ्रो (धोक्यातून वाचायची टाक, थोडक्यात सेव्ह) निवडताना एक जुनी पद्धत पाळा: डेक्स, कॉन (चिवटपणा) आणि विझ्डम या तिघांपैकी एक आणि स्ट्रेंग्थ, इंटेलिजन्स, करिश्मा या तिघांपैकी एक. नियमांतले सगळे क्लास असेच आहेत, कारण पहिल्या तिघांवरचे सेव्ह खेळात फार वेळा येतात. आम्ही कॉन आणि करिश्मा घेतले.

किंमत अशी, जी शीट आधीच मोजते

या भागावर आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला.

ऋणकोचं मुख्य हत्यार म्हणजे ऋणफासा. डी२० (वीस बाजूंचा मुख्य फासा) टाकून झाल्यावर, पण निकाल कळायच्या आधी, एक छोटा फासा टाकून तो त्यात मिळवायचा. पहिल्या लेव्हलला डी४, ५ ला डी६, ११ ला डी८, १७ ला डी१०. डी२० वरचा प्रत्येक १ म्हणजे साधारण ५ टक्के शक्यता. डी४ ची सरासरी अडीच, म्हणजे दर वापराला साडेबारा टक्के. डी६ ला साडेसतरा. बार्ड या क्लासच्या इन्स्पिरेशनशी (त्याच्या अशाच फाशाशी) ताडून पाहा: तिथे फासा डी६ पासून सुरू होतो, पण तो दुसऱ्याला द्यावा लागतो आणि त्यासाठी बोनस ॲक्शन (पाळीतली जादा छोटी कृती) जाते. ऋणको स्वतःसाठीच वापरतो आणि कुठलीही ॲक्शन खर्च करत नाही, म्हणून एक पायरी लहान फासा रास्त वाटला.

प्रश्न परतफेडीचा होता. उसनं घेतलं की फेडावं लागणार, नाहीतर नावाला अर्थ काय?

भाच्याची पहिली कल्पना फार देखणी होती. प्रत्येक वापराला एक ऋण नोंदवायचं आणि पुढे डीएमने (खेळ चालवणाऱ्याने, म्हणजे मी) कधीही तेवढाच फासा त्याच्या टाकीतून वजा करून वसुली करायची. वाचताना अंगावर काटा आला. टेबलावर मात्र माझ्यासमोर चार शत्रू, एक कोसळणारा पूल आणि पाच खेळाडू असताना मी वसुली विसरले. एका संपूर्ण सेशनमध्ये नऊ ऋणं घेतली गेली आणि मी दोन वसूल केली. जे डीएमने लक्षात ठेवायचं आहे ते विसरलं जाणार, असंच धरून चाला.

दुसरी आवृत्ती माझी. डी२० वर ५ किंवा कमी पडलं की आपोआप वसुली, तो फासा वजा. आता कोणाला काही लक्षात ठेवायला नको. दोन सेशननंतर भाचा म्हणाला, "मावशी, पण ती टाक तर तशीही फसलेलीच असते." अगदी खरं. ३ वरून १ झाले तरी निकाल तोच. किंमत कागदावर होती, खेळात नव्हती.

तिसरी आवृत्ती टिकली. ऋणाला मर्यादा घातली, सुरुवातीला २. मर्यादा भरली की फासा बंद. शॉर्ट रेस्टला (छोट्या विश्रांतीला) एक हिट डाय खर्च करून एक ऋण पुसता येतं, आणि त्या हिट डायने जखम भरत नाही. लाँग रेस्टला (रात्रभराच्या विश्रांतीला) सगळी पाटी कोरी. आता खेळाडूसमोर खरा पेच आहे: अंगावरच्या जखमा भरू की पत राखू? आणि हिट डाइस प्रत्येक प्लॅटफॉर्मची शीट (पात्राचं पत्रक) आधीपासून मोजतेच. मला काही लक्षात ठेवावं लागत नाही, त्यालाही नाही.

म्हणून माझा आग्रह आहे: क्लासची किंमत ठरवताना शीटवर आधीच असलेल्या मोजमापांपैकी एक निवडा. हिट पॉइंट, हिट डाइस, स्पेल स्लॉट (मंत्र वापरायचा साठा), एक्झॉशन (थकवा), रिॲक्शन (पाळी नसताना करता येणारी एक कृती). नवं मोजमाप शोधून काढलंत, तर ते टूलला शिकवावं लागेल आणि टेबलावरच्या सगळ्यांना आठवत बसावं लागेल.

एक बारकावा मात्र तपासा. २०१४ च्या नियमांत लाँग रेस्टला एकूण हिट डाइसपैकी निम्मेच परत मिळतात, २०२४ मध्ये सगळे. पाचव्या लेव्हलचा ऋणको ३ ऋणं घेऊ शकतो आणि पाचही हिट डाइस खर्चून आणखी ५, म्हणजे दिवसाला ८ वेळा फासा. जुन्या नियमांत दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे फक्त २ हिट डाइस असतील, म्हणून ५ वेळा. नव्या नियमांत रोज ८. क्लास तोच, ताकद वेगळी. आम्ही २०२४ चे नियम वापरतो, म्हणून एका शॉर्ट रेस्टला दोनच ऋणं पुसता येतील अशी ओळ वाढवली.

फाउंड्रीत बांधताना

फाउंड्री व्हीटीटीमध्ये क्लास हा एक आयटम असतो, आणि त्याचा जीव ॲडव्हान्समेंटच्या टॅबमध्ये असतो. कुठल्या लेव्हलला काय मिळतं ते तिथे एकेक करून जोडायचं. हिट पॉइंट्सची नोंद आहे ना, हे सगळ्यात आधी पाहा. मग सेव्ह आणि स्किलसाठी ट्रेट, क्षमता देण्यासाठी आयटम ग्रँट, पर्यायांतून निवडायला लावायचं असेल तिथे आयटम चॉइस, वाढत जाणाऱ्या आकड्यांसाठी स्केल व्हॅल्यू आणि तिसऱ्या लेव्हलला सबक्लास.

नाव मराठीत खुशाल द्या, पत्रकावर ‘ऋणको’ फार सुंदर दिसतं. पण त्याच आयटममध्ये आयडेंटिफायर नावाची एक चौकट असते, ती रोमन लहान अक्षरांत स्वतः भरा. तिला देवनागरी चालत नाही. पुढे सगळी सूत्रं हेच ओळखनाव वापरतात. सबक्लास आपला क्लास कुठला हेही त्यावरूनच ओळखतो, त्यामुळे तिथे एका अक्षराचा फरक पडला तरी दोघांची गाठ पडत नाही.

आता स्केल व्हॅल्यू. ऋणफाशाची एक स्केल करा, प्रकार फाशाचा ठेवा आणि १, ५, ११, १७ या चारच लेव्हलांना किमती भरा. मधल्या लेव्हलांना आधीची किंमत आपोआप लागू राहते. मग क्षमतेच्या सूत्रात फासा लिहायचाच नाही. तिथे ‘ॲट’चं चिन्ह, स्केल, टिंब, क्लासचं ओळखनाव, टिंब, स्केलचं ओळखनाव, एवढंच टाइप करायचं. पुढे डी६ चा डी८ करावासा वाटला तर एका जागी बदल पुरतो. मी पहिल्या वेळी फासा तीन ठिकाणी लिहून ठेवला होता, आणि बदलताना दोनच आठवले.

ऋणाच्या मर्यादेसाठी आम्ही सुरुवातीला प्रोफिशियन्सी बोनसचं तयार सूत्र टाकलं. आकडे जुळत होते, पण ते चुकीचं होतं. प्रोफिशियन्सी बोनस पात्राच्या एकूण लेव्हलवर चालतो, स्केल फक्त त्या क्लासच्या लेव्हलवर. दहा लेव्हलच्या विझार्डने ऋणकोची एकच लेव्हल घेतली, तर त्याला थेट ४ ऋणं मिळाली असती. असं कोणीतरी करतंच. म्हणून मर्यादेचीही वेगळी स्केल केली: १ ला २, ५ ला ३, ९ ला ४, १३ ला ५, १७ ला ६. आकडे तेच, पण आता ते क्लासमध्ये मुरलेल्यालाच मिळतात.

ऋणफाशाच्या आयटमवर वापराची मर्यादा या स्केलची ठेवा आणि लाँग रेस्टला पूर्ण भरपाई. परतफेडीसाठी त्याच आयटमवर दुसरी ॲक्टिव्हिटी जोडा आणि तिच्या खर्चात दोन गोष्टी लिहा: हिट डाइस १, आणि आयटमचे वापर उणे १. उणे खर्च म्हणजे परत मिळणं. बटण दाबलं की हिट डाय जातो आणि एक वापर परत येतो. ज्या दिवशी हे बटण पहिल्यांदा बरोबर चाललं, त्या दिवशी भाच्याने ते आठ वेळा दाबून पाहिलं.

दुसऱ्या लेव्हलला आम्ही ‘तारण’ ठेवलं: चार पर्यायांतला एक निवडायचा. त्यातलं एक असं होतं की पुढच्या पाळीपर्यंत रिॲक्शन गहाण टाकायची आणि ऋण न नोंदवता फासा वापरायचा. पर्यायांची यादी करताना हाच धोका असतो. बहुतेक फेऱ्यांत रिॲक्शन वापरलीच जात नाही, म्हणजे गहाण टाकलेली वस्तू फुकटची होती आणि फासा दर फेरीला मोफत. आता ते शॉर्ट रेस्टमागे एकदाच चालतं.

बदल करताना एक गोष्ट पक्की लक्षात असू द्या. क्लास पात्रावर टाकला की पात्राकडे त्याची प्रत जाते. तुम्ही मूळ क्लासमध्ये केलेली दुरुस्ती त्या प्रतीत आपोआप उतरत नाही. मी मूळ आयटम सुधारला आणि निश्चिंत झाले. सेशनच्या दुसऱ्या तासाला लक्षात आलं की भाचा अजून जुन्याच मर्यादेवर खेळतोय. दुरुस्ती मूळ आयटममध्ये आणि पात्राच्या प्रतीत, दोन्हीकडे करायची, नाहीतर क्लास पात्रावरून काढून पुन्हा टाकायचा.

आणि सगळ्या क्षमता कंपेंडियममध्ये (फाउंड्रीतल्या साठवणीच्या संग्रहात) ठेवा, मगच त्या क्लासला जोडा. जोडणी आयटमच्या पत्त्यावर चालते. आयटम नुसते त्या वर्ल्डच्या (फाउंड्रीतल्या एका खेळाच्या) साइडबारमध्ये असतील, तर क्लास दुसऱ्या वर्ल्डमध्ये नेल्यावर पत्ता सापडत नाही आणि लेव्हल वाढवताना हाती रिकाम्या जागा येतात.

इतर टेबलांवर

डी अँड डी बियॉन्डवर (डी अँड डीच्या अधिकृत साइटवर) होमब्रूमध्ये, म्हणजे घरच्या बनावटीत, सबक्लास, स्पेल, फीट (पात्राला वेगळी मिळणारी खास क्षमता), मॅजिक आयटम, मॉन्स्टर असं बरंच करता येतं, पण कोरा क्लास नाही. तिथे कल्पना सबक्लासमध्ये बसवावी लागते. पाया निवडताना ज्याची स्वतःची मोजमापं कमी आहेत असा क्लास घ्या. ऋणकोसाठी मी रोग निवडेन. मग लक्षात ठेवा की स्नीक अटॅक त्याला आधीच मिळालाय, म्हणून दुसरा हल्ला गाळायचा. फासा पहिल्या लेव्हलपासूनच हवा असेल तर तो फीट म्हणून वेगळा करता येतो. वाढणाऱ्या फाशासाठी तिथे लेव्हल स्केल आहेच. होमब्रू खाजगी ठेवून आपल्या कॅम्पेनमधल्यांना वापरता येतं, आणि मी तेवढंच करते. एकदा ते सगळ्यांसाठी प्रकाशित केलं की तीच प्रत बदलता येत नाही, नवी आवृत्ती काढावी लागते, आणि पहिल्या वर्षात क्लास तर दर महिन्याला बदलतो.

रोल२० (ब्राउझरमधलं डिजिटल टेबल) च्या पाचव्या आवृत्तीच्या शीटमध्ये सेटिंग्जमध्ये कस्टम क्लासची सोय आहे: नाव, हिट डाय, सेव्ह, स्पेलकास्टिंगची ॲबिलिटी. क्षमता हाताने लिहायच्या आणि मोजणीसाठी क्लास रिसोर्सची चौकट वापरायची. लेव्हल वाढली की आकडे तुम्हीच बदलायचे. ऐकायला कष्टाचं वाटेल, पण क्लास अजून कच्चा असताना मला हेच बरं वाटतं. दुरुस्ती दोन मिनिटांत होते आणि काही मोडत नाही. स्वतःची पूर्ण शीट एचटीएमएल आणि सीएसएसमध्ये लिहायची असेल तर प्रो सदस्यत्व लागतं. एका क्लाससाठी मी त्या वाटेला जाणार नाही.

पाथफाइंडर या डी अँड डीसारख्याच खेळाची दुसरी आवृत्ती फाउंड्रीवर खेळत असाल, तर तिथली रूल एलिमेंट्स (आयटमला नियम शिकवणारे तुकडे) शिकून घ्या. ग्रँट आयटम, चॉइस सेट आणि फ्लॅट मॉडिफायर या तिघांत बहुतेक काम होतं.

टेबलावर आणायच्या आधी

तीन खोटी पात्रं करा. पहिलं १ लेव्हलचं, दुसरं ५ चं, तिसरं ११ चं. तिसऱ्याला थेट ११ वर नेऊ नका, एकेक लेव्हल चढवा, कारण चुका मधल्या पायऱ्यांवरच लपलेल्या असतात. प्रत्येकाला शॉर्ट रेस्ट द्या, लाँग रेस्ट द्या, वापर आणि हिट डाइस बरोबर परत येतात का पाहा. मग पात्रावरून क्लास काढा आणि त्याने दिलेल्या क्षमताही गेल्या का ते बघा. शेवटी दुसऱ्या एखाद्या क्लासची एक लेव्हल जोडून पाहा. आमची प्रोफिशियन्सीची चूक तिथेच सापडली.

खेळाडूला चाचणीत बसवा, पण समजावून सांगू नका. तो वर्णन वाचून जे करेल ते बघत राहा. ‘निकाल कळायच्या आधी’ हे शब्द मी वर्णनाच्या शेवटी लिहिले होते आणि भाचा दर वेळी निकाल ऐकून फासा मागत होता. ते शब्द पहिल्या वाक्यात आणले आणि प्रश्न मिटला. वर्णनात आधी केव्हा, मग काय, मग किती, मग परत केव्हा, असा क्रम ठेवा.

क्लास इतरांना द्यायचा असेल तर परवाना पाहून घ्या. पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम, एसआरडी ५.१, जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स ॲट्रिब्युशन ४.० परवान्याखाली खुले झाले. २०२५ मध्ये एसआरडी ५.२ ही त्याच परवान्याखाली आलं. त्यातलं काही वापरलंत तर ठरवून दिलेली श्रेयओळ सोबत जोडा. एसआरडीमध्ये नसलेले सबक्लास आणि स्पेल यांचा मजकूर मात्र उचलू नका.

दर बदलाआधी आयटमवर राइट क्लिक करून डेटा एक्सपोर्ट करा आणि फाइलच्या नावात तारीख आणि लेव्हल लिहा. माझ्याकडे ऋणकोच्या अशा अकरा फाइली आहेत आणि त्यातल्या दोघींनी मला वाचवलंय.

सध्या भाचा सहाव्या लेव्हलला आहे. सबक्लास त्याने जामीनदार घेतला: तीस फुटांतल्या साथीदाराच्या टाकीत तो आपला फासा मिळवू शकतो आणि ऋण त्याच्या नावावर चढतं. गेल्या सेशनला क्लेरिक पडत असताना त्याने शेवटचं ऋण तिच्या सेव्हवर लावलं आणि पुढची लढाई जखमी अंगाने, बंद फाशाने काढली. सातव्या लेव्हलची ओळ कागदावर अजून पेन्सिलने लिहिलेली आहे. ती पक्की करायच्या आधी मला त्याची अजून दोन सेशनं बघायची आहेत.